साखऱ्याचा बार

"मॅडम, साखऱ्याच्या स्फोटाची फाइल पाठवा. लगेच."

शुक्रवारी दुपारी मुंबईहून तपास अधिकाऱ्यांचा फोन. मी हिंगोलीत सरकारी वकील आहे. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यात कुणी बैलजोडी विकली तरी आमच्या कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये चर्चा होते. तिथे स्फोट होईल आणि मला कळणार नाही, हे शक्यच नव्हतं.

"सर, साखऱ्यात स्फोट झालेला नाही."

"तुमच्याच साक्षीदाराने सांगितलंय. आरोपीच्या वकिलाने तिकडच्या कोर्टात वाचून दाखवलं."

तिकडचं कोर्ट म्हणजे शेजारच्या देशाचं. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून देशाचं नाव लिहीत नाही. बाजारपेठेत बॉम्ब ठेवल्याचा आरोप असलेला एक माणूस तिथे पकडला गेला होता आणि आपण त्याला मागितलं होतं. याला एक्स्ट्राडिशन म्हणतात, मराठीत प्रत्यार्पण. दोन्हीकडे लोकशाही, त्यामुळे नुसतं "द्या" म्हणून माणूस मिळत नाही. तिथले न्यायाधीश कागद वाचतात आणि शंका काढतात. एक तर ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं. शिवाय ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला, त्याच गुन्ह्याचा खटला चालवता येतो. शेजारणीकडून कढई पुऱ्यांसाठी मागून आणली, तर तीत मटण शिजवायचं नाही, तसं.

आरोपी म्हणत होता, मी भारतात कधी आलोच नाही. ते खोडून काढायला आपला भक्कम साक्षीदार एकच, साखऱ्याचे शेतकरी दत्तराव. खोट्या नावाने हा माणूस त्यांच्याकडे लाइटिंगचं काम करून गेला होता. सोमवारपर्यंत खुलासा पोहोचला नाही, तर त्याला सोडून देणार होते. आणि एकदा सुटला की तो पुन्हा सापडणार नव्हता.

मी तिकडच्या कोर्टाचे प्रश्न मेलवर मागवले. पहिला: साखऱ्याच्या स्फोटाचा एफआयआर कुठे आहे, आणि त्यात दत्तराव आरोपी का नाहीत? दुसरा: तुरी जप्त केल्या का?

तुरी?

मूळ मराठी जबाब काढला. दत्तराव म्हणाले होते, "आमी साखऱ्यात बार उडवला तवा हा माणूस संगंच व्हता. जमादार दिसले तसा हातावर तुरी देऊन पळाला." शहरातल्या कुठल्याशा एजन्सीने प्रामाणिकपणे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केलं होतं: आम्ही साखऱ्यात स्फोट घडवला तेव्हा हा आमच्यासोबत होता, पोलीस दिसताच हातात तुरीचे दाणे ठेवून फरार झाला.

मी केबिनचं दार लावलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसून यादी केली. दत्तराव, लग्नपत्रिका, लग्नाचा व्हिडिओ, मराठी शब्दकोश, शपथपत्र.

शनिवारी सकाळी दत्तराव आणि त्यांच्या पत्नी गोदाबाई पिशवी घेऊन हजर.

"मामा, बार उडवला म्हणजे नेमकं काय केलं?"

"काय म्हंजे? थोरलीचं लगीन! तुमाला पत्रिका न्हाई भेटली म्हून रुसल्या व्हय?"

"तिकडच्या कोर्टाला वाटतंय, तुम्ही बॉम्ब फोडला."

"बॉम्ब?" गोदाबाई खुर्चीतून उठल्याच. "ओ मॅडम, ह्यांच्यानं दिवाळीत लवंगी फुटत न्हाई!"

"तू गप. लवंगी वली व्हती."

"आणि तुरी, मामा?"

"तुरी आमच्याच रानात हायेत. त्यो कशाला देतो आमाला?"

"अहो, म्हण आहे ती. तुम्हीच जबाबात सांगितलीत."

"व्हय की. बराबर."

जमादार त्या दिवशी पकडायला नव्हे, जेवायला आले होते. गोरज मुहूर्ताचं लग्न. खाकी कपडे पाहून या पठ्ठ्याने जनरेटर बंद केला आणि पळाला. अख्खा मांडव अंधारात. दत्तरावांना अजून त्याचाच राग होता. "बॉम्बचं तुमी बघा. पर ऐन अक्षता पडायच्या टायमाला जनरेटर काहून बंद केला, ते इचारा त्याला."

प्रत्यार्पणात आपली बाजू तिथलाच सरकारी वकील मांडतो. रविवारी त्यांच्याशी व्हीसी झाली, म्हणजे व्हिडिओ कॉल. गृहस्थ गंभीर. तुटक्या हिंदीत त्यांनी दत्तरावांना विचारलं, "साखरा में कितने लोग मरे?"

"मरा कोई न्हाई, साब. समधन गिरी. अंधेरे में."

"फिर विस्फोट?"

"विस्फोट समधन ने किया. लाइट आने के बाद."

तिकडून आवाज बंद झाला. वकीलसाहेबांनी म्यूट केलं होतं, पण स्क्रीनवर त्यांचे खांदे गदगदा हलताना दिसत होते.

त्याच दिवशी शपथपत्र झालं. शब्दकोशाचं पान जोडलं. लग्नाच्या व्हिडिओत आरोपी वायर खांद्यावर टाकून नवरदेवाच्या मागे उभा होता, चेहरा स्वच्छ. पत्रिकेचं भाषांतर मी स्वतः केलं. नियमाप्रमाणे कागदावरचा प्रत्येक शब्द यायला हवा. त्यामुळे खालच्या कोपऱ्यातलं "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!" हेही परदेशी कोर्टाच्या रेकॉर्डवर कायमचं गेलं.

सोमवारी खुलासा स्वीकारला गेला. आरोपी आत राहिला, आणि काही महिन्यांनी आपल्या ताब्यात आला. निकालपत्रात न्यायाधीशांनी एक ओळ खास घातली आहे: साखरा येथील घटना विवाह असून विवाह हा दोन्ही देशांत गुन्हा नाही, सबब त्या घटनेबद्दल आरोपीवर खटला चालवता येणार नाही.

मी ती दत्तरावांना फोनवर वाचून दाखवली.

"म्हंजे जनरेटरची केस न्हाईच?"

"नाही, मामा. मागितला बॉम्बसाठी, तर केस बॉम्बचीच."

मागून गोदाबाईंचा आवाज आला, "अन् लगीन गुन्हा न्हाई म्हणाले? त्या जजसायबाचं झालेलं दिसत न्हाई."

तेव्हापासून परदेशी जाणारा प्रत्येक जबाब मी आधी स्वतः वाचते. म्हण दिसली की साक्षीदाराकडून साधा अर्थ शेजारी लिहून घेते. वेळ जातो, पण स्फोट कमी होतात.

परवा दत्तरावांच्या धाकटीची पत्रिका ऑफिसात आली. सोबत त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी: "मॅडम, या वक्ताला बार उडवून न्हाई राहिलो. निसतं लगीन लावून राहिलो. तिकडं तसं कळवा."