माहेरच्या दगडावरचं शेवाळ

गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून आईचं माहेरी जाणं बंद झालं. पुढे मामा गेला आणि तिथल्या घराला कुलूप लागलं. म्हणून मी तिच्या गावच्या समुद्रातला एक दगड, बादलीभर खाऱ्या पाण्यासकट, डोंबिवलीला आणला. हॉलमध्ये काचेची टाकी, पंप, दुकानातलं समुद्री मीठ, सगळा थाट केला. शेजारणी विचारायच्या, मासे कुठायत?

मासे नव्हतेच. दगडावर तपकिरी, झिपरं शेवाळ आणि त्यात तांदळाच्या कणीएवढे जीव. काही शंखातले, काही कोळंबीसारखे वाकडे, टुणकन उडणारे. आई भिंग घेऊन तासन्‌तास बघायची. "अगं, ही बघ, पोटाशी पिल्लं धरून निघाली!" त्यांना ती 'माझी माहेरची माणसं' म्हणायची. मी म्हणायचे, मग चहा टाक त्यांच्यासाठी.

दाताच्या डॉक्टरांकडच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तिला पिसांसारखं हिरवंगार शेवाळ दिसलं. मनीप्लांट चोरून लावला की फोफावतो, यावर आमच्या अख्ख्या बिल्डिंगची श्रद्धा. डॉक्टर आत वळताच तिनं एक फांदी खुडली आणि तिथल्याच पाण्यासकट बाटलीत घातली. "तेवढीच सावली होईल त्यांना."

फोफावलं. दगड दिसेनासा झाला. येणारेजाणारे टाकीचं कौतुक करत आणि आई भिंगातून शोधत बसे. "आज दोनच दिसले गं." खाली तपकिरी शेवाळ कुजत होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टर आपणहून म्हणाले, "हे परदेशी वाण फार पसरतं. आपल्याकडच्या बारक्या जीवांना ते खाववत नाही, आणि त्यांचं नेहमीचं शेवाळ त्याच्याखाली गुदमरतं." तोंडात कापूस धरून आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

घरी येऊन तिनं ते सगळं परातीत काढलं आणि मेथी निवडावी तशी एकेक दांडी भिंगाखाली निवडली. रिकामे शंख तेवढे निघाले. मला शेवाळाचा राग आला, आमच्या मनीप्लांटच्या खुळाचा आला. तिच्यावर रागवायची सोय नव्हती. फार वाईट वाटलं.

"दुसरा दगड आणते," मी म्हटलं.

"नको. तिथे आहेत ती, सुखात असू देत."

मी परात मोरीत ओतायला निघाले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"तिथे नको गं. मोरीतून नाला, नाल्यातून खाडी, पुढे समुद्र. मला नाही जाता येत, पण हे पोचेल तिकडे."