दोन मुठी जोंधळा

फवारणीनंतर आठव्या दिवशी सकाळी मी एका रोपाचा पोंगा, मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, धरून ओढला, तर तो अलगद हातात आला. बुडाशी पार कुजलेला. मका मेला म्हणून खूश झालो. मग नीट बघितलं, तर तो मका नव्हता, माझा जोंधळा होता.

इकडे आखातात, वफ्रातल्या शेतावर मी सुपरवायझर आहे. गाईंसाठी चारा पिकवतो. मागच्या हंगामातल्या मक्याची सांडलेली कणसं यंदा ज्वारीत जागोजाग उगवून येणार, हे माहीत होतं. कोवळेपणी दोन्ही रोपं सारखीच दिसतात, उपटायला माणसं लावली की ज्वारीच जास्त उपटतात. म्हणून यंदा तणनाशक सोसणारी ज्वारी मागवली होती. फवारलं की मका मरतो, ज्वारी उभी राहते. हे ज्ञान मीच सगळ्यांपुढे ऐटीत पाजळत होतो.

त्याच शेताच्या कडेला चार ओळी आईच्या बियांच्या होत्या. वडील गेल्यापासून आमच्या रानात नुसता ऊस. डब्याच्या तळाशी त्यांच्या हातचं दोन मुठी बी उरलं होतं, ते सगळं तिनं माझ्या बॅगेत घातलं. "हितं पेरायला जागा न्हाई. तिकडं पेर आन् बी धरून आण," म्हणाली.

फवारणीच्या दिवशी पंप चालवणाऱ्या रत्नागिरीच्या माणसानं विचारलं होतं, "दादा, कडेच्या ओळी सोडू का?"

"कशाला? जोंधळाच आहे तो. त्याला काही होत नाही."

औषध सोसतं ते फक्त त्या विकतच्या बियाण्याचं पीक, हे मला पाठ होतं. तरी त्या क्षणी डोक्यात आलं नाही. आपला जोंधळा कुणापेक्षा कमी नाही, असलीच काहीतरी घमेंड असणार. अजून विश्वास बसत नाही की हे मी केलं.

चारही ओळींतला एकेक पोंगा ओढून बघितला. एकही टिकला नव्हता. शेजारी विकतची ज्वारी हिरवीगार उभी होती, आणि मला तिचा भयंकर राग आला.

शुक्रवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. "जोंधळा दाव की." खरं सांगायचा धीर झाला नाही. मी मोबाईल त्या ज्वारीकडे फिरवला.

तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"ब्येस आलाय," ती म्हणाली. "पर पान निराळं हाय ह्याचं. ह्यो आपला न्हाई. आपला कुठं हाय?"