पल्लवीची पाठराखीण

आमच्या लॅबमध्ये काम कमी अन् वाट पाहणं जास्त. जीवाणू आपल्या मर्जीनं वाढतात, आपण स्टुलावर बसून राहायचं. मग किस्से जमणार नाहीत तर काय!

आमचा विषय हीम. रक्ताला लाल करणारं, पोटात लोह असलेलं. जीवाणूही ते बनवतात, आतल्या पडद्यापलीकडे नेतात अन् तिथल्या प्रोटीनला कायमचं जोडतात. त्याला म्हणायचं सायटोक्रोम. जोडणी झाली तर मशीनमध्ये गरगर फिरवलेल्या नळीच्या तळाशी जीवाणूंचा गुलाबी गोळा दिसतो, नाही तर सायीसारखा.

*

आमच्या गाईड मॅडम धरमपेठेत साडी घ्यायला गेल्या, मी सोबत. दुकानदारानं गुलाबी साडी उलगडली. मॅडमनी ती उजेडात धरली.

"हीम कमी आहे."

दुकानदार म्हणाला, "मॅडम, रंग पक्का आहे. कितीबी धुवा, सुटत नाही."

"हेच तर सायटोक्रोम," म्हणाल्या अन् घेऊन टाकली.

*

पल्लवी रामटेकची, टेबल माझ्या शेजारी. हीम उचलून पलीकडे पोचवणारं एक प्रोटीन असतं. पल्लवीचं प्रोटीन हीम धरायचं, पण सोडायचं नाही. ते सोडवायचं कसं, हीच तिची पीएचडी. फेलोशिप संपत आली होती अन् गोळा सायीसारखाच.

मे महिन्याची दुपार. कूलरची घरघर, शेकरवर फ्लास्क डुलून राहिलेले. पल्लवीला डुलकी लागली. झोपेतच ती पुटपुटली, "सोड ना वं त्या हीमले."

कोणी उठवलं नाही. मला वाटून गेलं, ऐकत असेल फ्लास्कच्या आत कोणी.

*

पल्लवीची आई सांबारवडीचा डबा घेऊन लॅबमध्ये आली. "काय करून राहिली वं इतकी वर्षं?"

"आई, हीम एकटं फिरलं तर नासधूस करते. म्हणून कोणी संग जाते, नेऊन देते, वापस येते."

"म्हणजे नवरीची पाठराखीण."

"हो. पण माही वापसच येत नाही."

"मी गेली होती बहिणीसंग," आई म्हणाली. "मलेबी वापस याचं मन नव्हतं."

त्या दिवसापासून पल्लवीच्या फ्लास्कवर तेच नाव.

*

मॅडमचा नियम आहे, नळी एकट्यानं पाहायची नाही. पल्लवीनं प्रोटीनमध्ये शेवटचा एक बदल करून पाहिला होता. सकाळी मशीन थांबली, आम्ही तिघं उभे. झाकण मॅडमनी उघडलं, पल्लवीचे डोळे मिटलेलेच.

गोळा गुलाबी होता, मॅडमच्या साडीसारखा. पल्लवीनं डोळे उघडून पाहिलं. मग पल्लवीनं फोन लावला.

"आई, पाठराखीण वापस आली."

तिकडून आईनं विचारलं,

"अन् नवरी?"

पल्लवीनं नळी खिडकीच्या उजेडात धरली.

"नांदून राहिली."