नव्या मास्तरांची पहिली लग्नसराई

मास्तर मीच होणार, हे सगळ्यात आधी मीच ठरवून टाकलं होतं. २०१६ साली आमच्या बँडपार्टीच्या जुन्या मास्तरांचे पुढचे दोन दात पडले. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात गेले की त्याचं वाजवणं संपलं. त्यांच्या शेजारी मी पंधरा वर्षं दुसरी क्लॅरिनेट वाजवली होती. शिवाय झाईपासून तलासरीपर्यंतची लग्नं मीच ठरवून आणायचो. वरात कुठल्या वळणावर थांबणार, वाजवणाऱ्यांना कितव्या पंगतीत बसवणार, सगळं मी आधी भांडून कबूल करून घ्यायचो. चिकूच्या वाडीत टोपल्या उचलण्यापासून सुरुवात केलेला मी माणूस. वाजवायला ऐकून शिकलो आणि बोलायला बाजारात.

दसऱ्याला वाद्यांची पूजा झाली आणि बँडच्या मालकाने, शेठने, उंबरगावहून आणलेले दोन भाऊ पुढे केले. थोरला तिशीचा, धाकटा त्याहून लहान. दोघंही कागदावरचे सूर वाचून वाजवणारे.

"हे आपले नवे मास्तर. थोरला बँड चालवणार, धाकटा चाली लिहून देणार," शेठ म्हणाला.

"आणि मी?"

"तू आहेस तिथंच. तुझ्यासारखं तोंड दुसऱ्या कुणाला दिलंय का देवाने?"

सगळे हसले. मी क्लॅरिनेट पेटीत अशी आपटली की तिची फुंकायची वेताची पत्ती चिरली. नवी मलाच आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी तालमीला थोरला हातात बारीक छडी घेऊन आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. आमचे जुने मास्तर पहिल्या रांगेत उजवीकडे चालायचे, क्लॅरिनेट वर उचलली की चाल बदलायची. हे नवीनच होतं.

"लोकांकडे पाठ करून कोण वाजवतं?" मी विचारलं.

"मी वाजवतच नाही, काका. वाजवणार तुम्ही. मी फक्त केव्हा ते सांगणार."

"काका कुणाला म्हणतोस? केस बघ माझे, काळे आहेत."

"परवाच केलेत," मागून ढोलवाला म्हणाला.

त्याच तालमीत थोरल्याने चोवीस जणांतून मला थांबवलं. माझा वरचा सूर चढतोय म्हणे. मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. घरी जाऊन दार लावून वाजवून बघितलं. चढतच होता. पंधरा वर्षांत मला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मला तो माणूस जितका नकोसा झाला तितका दुसरा कुणीच कधी झाला नव्हता.

मग शेठने येत्या लग्नसराईचं रंगीत पत्रक छापलं. मधोमध दोघे भाऊ, थोरल्याची छडी वर, खाली 'नवे मास्तर, नव्या चाली'. आणि ते वाटायचं कुणी? मी. झाईला एका बोटवाल्याच्या अंगणात सुके बोंबील बाजूला सारून बसलो आणि सवयीने बोलत सुटलो. "असा मास्तर या पट्ट्यात नाही. छडी खाली आली की चोवीस माणसं एका श्वासात थांबतात." नवरीची आत्या पत्रक हातात घेऊन म्हणाली, "हा मधला देखणा कोण गो?" लग्न ठरलं. मीच त्याला मोठा करत होतो, आणि माझ्या तोंडाला दुसरं काही येत नव्हतं. ग्राहक समोर असला की ते आपोआप चालतं.

तलासरीकडच्या एका पाड्यावरचं लग्न ठरवताना नवरीच्या बापाने एकच अट घातली. तिथे लग्न लावते ती धवलेरी, गाणं म्हणून लग्न लावणारी बाई. ती गात असताना एकही वाद्य वाजायचं नाही. मी शब्द दिला. अशा गोष्टी मी मास्तरांना लग्नाला जाताना टेम्पोतच सांगायचो. त्या दिवशी ही अट सांगितली नाही. विसरलो नव्हतो.

सकाळी मांडवात धवलेरी गाऊ लागली. आवाज बारीक, सूर सरळ. एका कडव्यानंतर ती दम घ्यायला थांबली आणि थोरल्याला वाटलं, झालं. छडी वर गेली. मी सगळ्यांत जोरात वाजवलं.

म्हातारी ताडकन उठली. "कोण रे तो? माझं गाणं तोडलं!"

नवरीचा बाप थोरल्याकडे गेलाच नाही. सरळ माझ्याकडे आला. "तुम्हाला सांगितलं होतं ना? तुम्ही शब्द दिला होता!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शब्द माझा होता. मास्तरची फजिती बघायला मी आलो आणि मांडवातले सगळे माझ्याकडे बघत होते. मी क्लॅरिनेट खाली घेतली.

थोरला मध्ये आला. डोक्यावरची टोपी काढली. "त्यांनी मला सकाळीच सांगितलं होतं. मी विसरलो. आजी, चुकलो."

"विसरलास? काठी तेवढी घेऊन आलास आणि डोकं घरी ठेवलंस?"

मांडव हसला. तोही मान खाली घालून हसला. आजीने गाणं पहिल्यापासून धरलं आणि ते संपेपर्यंत आम्ही उन्हात हालचाल न करता उभे राहिलो.

परतताना मी टेम्पोमागे त्याला गाठलं. "खोटं का बोललास? माझ्यावर उपकार?"

"उपकार कसले, काका? तुमचा शब्द खोटा ठरला तर पुढच्या वर्षी इकडे आपल्याला कोण बोलावणार? माझी चूक लोक विसरतील. नवीन आहे मी."

हा विचार माझा असायला हवा होता. सौदा माझा धंदा, आणि माझ्यापेक्षा लहान माणसाने उभ्या उभ्या तो माझ्यापेक्षा चांगला करून दाखवला. क्लॅरिनेटचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. हे नाही.

त्याने शेठला काही सांगितलं नाही, भावालाही नाही. सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, मोकळा झालो असतो. त्याऐवजी त्याने एक सवय लावली. २०१९ पर्यंत, प्रत्येक लग्नात, छडी उचलली की तो आधी माझ्याकडे बघायचा. मी मान हलवल्याशिवाय बँड सुरू व्हायचा नाही. लोकांना वाटायचं, केवढा मान या माणसाला. काही सांगायचं राहिलंय का, हेच तो विचारतोय, ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी मान हलवायला मुद्दाम उशीर करायचो. तेवढा वेळ त्याचा हात वर तसाच राहायचा आणि चोवीस माणसं माझ्यासाठी थांबायची.