तळ्याकाठच्या बाकापर्यंत

गाडीतून फिरणाऱ्यांकडे दोनच किस्से असतात. जॅम कुठे लागला आणि पार्किंग कुठे मिळालं! आम्ही कोलकात्याची पायी चालणारी मंडळी. आम्हाला दर कोपऱ्यावर एक किस्सा भेटतो आणि घरापर्यंत सोबत येतो. किती सांगू?

माझाच पहिला घ्या. आमच्या ह्यांची बँकेतून इथे बदली झाली, त्याला आठवडाही झाला नव्हता. बालीगंजच्या एका गल्लीत मी एका गृहस्थांना पोस्ट ऑफिस कुठे म्हणून विचारलं. ते हातातली पिशवी सावरत म्हणाले, "चला, दाखवतो." वाटेत दुसरे भेटले. त्यांच्या मते रस्ता चुकीचा होता. तिसऱ्यांना दोघांचाही रस्ता लांबचा वाटला. अशी वरात भांडत भांडत पोस्टाशी पोहोचली, तर दाराला कुलूप!

"आज रविवार ना," तिघंही एकदम म्हणाले.

"अहो, मग आधी सांगायचं की!"

"दीदी, तुम्ही कुठे आहे ते विचारलंत. उघडं आहे का, ते कुठे विचारलंत?"

मग तिघांनी मला मातीच्या भांड्यातून चहा पाजला. त्या दिवशी मी ह्यांना सांगून टाकलं, हे गाव आपल्याला मानवणार!

* * *

आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ नेनेकाका. सरकारी कंपनीत इंजिनिअर होते, निवृत्त होऊनही इथेच राहिले. काकू गेल्यापासून एकटेच. रोज सकाळी तळ्याकाठच्या बाकावर चार बंगाली म्हाताऱ्यांशी कडाकडा भांडायचं, हा त्यांचा नेम.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. डावा पाय ओढत चालायला लागले. पुण्याची लेक मुग्धा धावत आली आणि म्हणाली, "बाबा, सामान बांधा. आमच्या सोसायटीत चालायला मस्त ट्रॅक आहे."

"लिफ्टनं उतरायचं, गोल फिरायचं, लिफ्टनं वर जायचं. पण पोहोचायचं कुठे गं?"

पण मुग्धा हटली नाही. तिने अट घातली. "दुर्गापूजेच्या आधी मी परत येईन. घरापासून त्या बाकापर्यंत एकट्यानं, कुणाचाही हात न धरता चालून दाखवा. जमलं तर राहा, नाही तर मुकाट्यानं पुण्याला चला."

काका म्हणाले, "मंजूर!" आणि आमची सगळ्यांची झोप उडाली.

* * *

पहिली अडचण स्कूटरची. काकांच्या फाटकासमोरच्या फूटपाथवर रोज पाच-सहा लागलेल्या. विनंत्या झाल्या, पाट्या झाल्या. शेवटी आमच्या लेलेवहिनी पदर खोचून उठल्या आणि पहाटे फूटपाथभर ही मोठी रांगोळी घातली. काय बिशाद कुणाची स्कूटर लावायची! एकही आली नाही.

पण माणसंही येईनात! जो तो रांगोळी पाहून अदबीनं रस्त्यावर उतरायचा. एका बाईंनी तर चपला काढून नमस्कार केला. मागून काका आले, थबकले आणि काठी टेकत तेही वाहत्या रस्त्यात उतरले.

"वहिनी," ते ओरडले, "अहो, तुम्ही फूटपाथचं देऊळ केलंत!"

दुसऱ्या दिवसापासून वहिनी दोन्ही कडांना रांगोळी घालतात, मधून चालायला वाट सोडतात. आता पलीकडच्या फ्लॅटमधल्या घोषबाई त्यांना आल्पना, म्हणजे बंगाली रांगोळी, शिकवतात. आमच्या फूटपाथइतका देखणा फूटपाथ अख्ख्या शहरात नाही. येऊन बघा हवं तर!

* * *

दुसरी अडचण वाटेवरचं शंकरदांचं गमछ्यांचं दुकान. आमचा आयटीतला समीर टेप घेऊन गेला, मोजमाप केलं आणि लॅपटॉप उघडून म्हणाला, "दादा, तुमचा माल चौदा इंच बाहेर येतोय."

शंकरदांनी शांतपणे विचारलं, "कुणाला अडचण होते?"

"नेनेकाकांना."

"मग आधी काकांचं नाव घ्यायचं! लॅपटॉप कशाला उघडलात?"

संध्याकाळपर्यंत दुकान आत सरकलं. वर काकांना टेकायला एक स्टूल आलं. पण झालं काय, काका दहा मिनिटं चालायचे आणि पाऊण तास स्टुलावर बसून शंकरदांशी फुटबॉलवर वाद घालायचे. समीरनं कपाळाला हात लावला.

* * *

आणि मग मुग्धा आली.

सकाळी काका निघाले. ती वीस पावलं मागे. आम्ही तळ्याच्या बाजूला चहाच्या टपरीआड, कुणीच कुणाचं नाही असे उभे.

काका मोठ्या रस्त्याशी आले. काठी उंच केली. बस थांबली, कंडक्टरनं पत्र्यावर थाप मारली, "आस्ते, आस्ते!" आणि काका एकटे, पाय ओढत, रस्ता ओलांडून आले! समोर बाक, जेमतेम चाळीस पावलांवर. चारही म्हातारे उठून उभे राहिलेले.

काकांनी मागे वळून पाहिलं. मुग्धा पलीकडेच! बस, ऑटो, टॅक्सी, ठेले... एक पाऊल पुढे टाकायची, मागे घ्यायची. तीनदा झालं. सोसायटीच्या बेसमेंटमधून गाडीत बसायची सवय, बिचारी पार गोंधळली होती.

काकांनी एकदा बाकाकडे पाहिलं. आणि परत फिरले!

"काका, नको!" लेलेवहिनींनी माझा दंड करकचून धरला.

ते पुन्हा रस्त्यात उतरले. काठी वर. बस थांबली, रिक्षा थांबली. पलीकडे पोहोचले आणि लेकीपुढे हात केला. तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. काठी टेकत काका तिला घेऊन आले. मुग्धाचे डोळे वाहत होते.

काकांना धाप लागली होती. तरी टपरीकडे बघून ते खणखणीत आवाजात ओरडले, "लपू नका रे! आणि नीट बघून ठेवा, हात हिनं धरलाय!"