रुंद टायर आणि चार बोटं चिखल

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. टायरच्या दुकानात मला जेमतेम दीड वर्ष झालं आहे, तेही सकाळचं कॉलेज करून. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिणं म्हणजे परीक्षेचा पेपर, एवढंच ठाऊक. या धंद्यातल्या जाणत्या माणसांनी हे वाचलं तर आधीच माफी मागतो. पण चूक माझी होती, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

मंदाताई यवतला आमच्या दुकानात आल्या, तेव्हा त्यांच्या पिकअपवर दारापर्यंत चिखल वाळला होता. न्हावऱ्याजवळच्या तीन वस्त्यांवरचं दूध त्या रोज गोळा करतात आणि संकलन केंद्रावर पोचवतात. गाडी स्वतःच चालवतात. त्या आठवड्यात गाडी दोनदा रुतली होती. दूध उशिरा पोचलं आणि केंद्रानं ते घेतलं नाही. आणखी एकदा असं झालं तर दूध ट्रॅक्टरवाल्याकडे देऊ, असं वस्तीवाल्यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. त्यांचं घर त्या फेरीवर चालत होतं.

"चारी टायर बदलायचं जमायचं न्हाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "मागचे दोन बघा. पर गाडी निघाली पायजे."

मालक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते बाहेर गेले होते. चिखलासाठी गाडी तयार करणाऱ्यांचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले होते. सगळ्यांचे टायर रुंद. मीही त्यातल्या त्यात स्वस्त असे दोन रुंद टायर शोधले. रुंद टायरला रिमही रुंद लागते. रिम म्हणजे टायर ज्या लोखंडी चाकावर चढवतात ते. त्यामुळे खर्च वाढला. मंदाताईंनी रिमची किंमत दोनदा विचारली. मग म्हणाल्या, की तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला कळत असेल. मी पुण्याला ऑर्डर दिली.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं.

"रस्ता कसलाय त्यांचा?"

"चिखलाचा."

"चिखल किती खोल? खाली काय हाय?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"म्हंजी पेशंट न बघताच औषध दिलंस," अण्णा म्हणाले. टायर पुण्याहून दोन दिवसांनी निघणार होते. त्याआधी जाऊन बघून ये, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी चौफुल्यावरून एसटीनं न्हावऱ्याला गेलो. मंदाताई फाट्यावर थांबल्या होत्या. टायर व्हिडिओ बघून निवडले, हे मी त्यांना कबूल केलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या व्हिडिओत म्हशी हुत्या का?"

आम्ही रस्त्यानं चालत गेलो. एक उसाचं टिपरू घेऊन मी जागोजागी चिखलात खुपसत होतो. चार बोटं आत गेलं की ते टणक लागायचं. पुढं खुपसलं, तिथंही तेच. मी विचारलं तेव्हा मंदाताई म्हणाल्या, की खाली मुरूम आहे. वरची काळी माती शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर येते.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चिखल खोल असेल तर रुंद टायर कामाचा, कारण तो वर तरंगतो. इथं तरंगून उपयोग नव्हता. पातळ राड कापून खालच्या मुरमावर पकड घेईल, असा अरुंद टायर हवा होता. म्हणजे त्यांच्या गाडीच्या मूळ मापाचाच, फक्त लग पॅटर्नचा. त्यात जाड रबरी ठोकळे असतात आणि मधल्या रुंद फटींतून चिखल बाहेर फेकला जातो. नवीन रिम लागणारच नव्हती.

ओढ्याजवळच्या वळणावर मात्र टिपरू गुडघ्याएवढं आत गेलं. इथं कुठलाच टायर चालणार नाही, हे मला सांगावंच लागलं.

"हितलं मी बघते," मंदाताई म्हणाल्या. "तुम्ही टायरचं बघा."

तिथूनच मी अण्णांना फोन केला. ऑर्डर रद्द करायचा फोन मीच करायचा, एवढंच ते म्हणाले. तो फोन मला त्या दिवशी सर्वांत जड गेला.

लग टायर बसवताना त्यावरचा बाण गाडी पुढं जाते त्या दिशेला आहे ना, हे मी दोनदा तपासलं. उलटा बसला तर चिखल बाहेर पडायच्या ऐवजी फटींत दाबला जातो. डांबरी रस्त्यावर हे टायर घूं घूं आवाज करतील आणि लवकर झिजतील, हेही सांगितलं. जाताना गाडी रिकामी असते, तेव्हा मागची चाकं जागेवरच फिरतात. म्हणून वस्तीवर न्यायची पेंडीची पोती हौद्यात मागच्या चाकांच्या बरोबर वर ठेवा, असं सुचवलं.

नंतर दोन आठवडे पाऊस लागून राहिला. मंदाताईंचा फोन नाही. मीही केला नाही, धीर झाला नाही. गिऱ्हाईक टायर मागायला आलं, की मी आता आधी रस्ता विचारतो. काही जण चिडतात.

मग एका दुपारी अण्णांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. फोन मंदाताईंचा होता. ओढ्याजवळच्या वळणावर त्यांनी वस्तीवाल्यांकडून दगड टाकून घेतले होते. त्यानंतर गाडी एकदाही अडकली नव्हती. ट्रॅक्टरवाल्याचा विषय मिटला होता.

"आन् चौथ्या वस्तीचं दूधबी त्यांच्याकडं आलंय," अण्णा म्हणाले. "तिकडचा रस्ता निराळा हाय म्हणं. तू कवा बघायला येतोस, इचारत हुत्या."