मावशींची रेघ

आमच्या शेजारच्या शिवणवाल्या मावशींना अख्ख्या कोपरगावाची मापं तोंडपाठ आहेत आणि नाव मात्र एकाचंही नाही. "ते छत्तीस छातीचे मास्तर बदलून गेले का गं?" असं त्या विचारतात आणि आईला बरोबर कळतं. टेप कायम गळ्यात. लग्नात शालूवरसुद्धा टेप असते, आणि अक्षता टाकता टाकता त्या माझ्या कानात सांगतात, "नवरदेवाचा डावा खांदा अर्धा इंच खाली हाय. उगं शिंप्याला बोल लावतील." शाळेतला माझा प्रत्येक स्कर्ट त्यांनीच शिवला. खाली चार बोटं कापड आत दुमडलेलं असायचं. दर जूनमध्ये त्या मला त्यांच्या दाराच्या चौकटीला उभं करून निळ्या खडूनं रेघ मारत आणि तेवढी दुमड उसवत. मी हळूच टाचा उचलायची. "टाचा टेक. लबाडी चालायची न्हाई. वाढशील, कापड हाय आत." आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी पुढे शिकेन असं मला पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल, तर त्या दुमडीनं.

चौकटीवर एक रेघ मावशींची स्वतःचीही आहे. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्यानं गंमत म्हणून खिळ्यानं ओढलेली. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. साठीनंतर मावशींचं डोकं त्या रेघेला पोचेना. टेप ताणली गेली म्हणून त्यांनी ती बदलली. मग फरशी खचली म्हणून गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, फरशी जागच्या जागी आहे. तेव्हापासून त्याच्याशी अबोला. परकर जमिनीवर लोळायला लागला, तरी आखूड करायचं नाव नाही. "मालकांनी घेतलेलं माप हाय माझं. ते बदलत न्हाई." शेवटी त्याच परकरात पाय अडकून पडल्या आणि कात्री धरायच्या हाताचं मनगट मोडलं.

मी तेव्हा बी.फार्म. होऊन, घरापासून लांब सावेडीत खोली घेऊन तिथल्या एका औषधाच्या दुकानात लागले होते. डॉक्टरांनी मनगटाला प्लॅस्टर घातलं, पाठीचा एक्स-रे काढला. हाडं ठिसूळ झालेली, मणके दबलेले. रोज एक हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं. पेनासारखं, फ्रीजमध्ये ठेवायचं. मावशींचा मुलगा साखर कारखान्यात पाळीवर जाणारा, म्हणून त्या माझ्या खोलीवर राहिल्या.

मी त्यांना समजावलं. हाडात काही पेशी जुनं हाड काढतात, काही नवं भरतात. पाळी गेल्यावर बाईच्या अंगातलं एक हार्मोन कमी होतं, मग काढणाऱ्यांना आवर राहत नाही.

"म्हणजे उसवणारे चार आन शिवणारा एक."

मोडलेल्या जागी शरीर काही द्रव्यं सोडून भरणाऱ्यांना हाक मारतं, पण वयाबरोबर ती हाकही बारीक होते. हे इंजेक्शन भरणाऱ्यांना कामाला लावतं. मात्र इंजेक्शनातलं हे दुसरं हार्मोन सतत जास्त राहिलं तर उलट हाड झिजवतं, म्हणून रोज एकदाच, थोडंसं.

"सुनेला बोलण्यासारखंच हाय की. थोडं बोललं तर संसार भरतो, दिवसभर बोललं तर उसवतो." मग परकर सावरत त्यांनी विचारलं, "खरं सांग पोरी, मी रेघेला पोचंन का परत?"

मी पेन फ्रीजमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "हाड मजबूत होईल मावशी. गेलेली उंची येत नाही."

गळ्यातली टेप काढून मावशींनी डाव्या हातानं गुंडाळली आणि उशाशी ठेवली.

मनगट सावकाश भरलं. बोटं सुटी झाली तशी त्यांनी पहिल्यांदा स्वतःचाच परकर मांडीवर घेतला. चार बोटं कापड आत दुमडलं आणि टाके घातले.

"कापून टाका ना मावशी. जड होईल."

"असू दे आत."

आता त्या कोपरगावात आहेत. दुकानात ते पेन कुणाच्या हाती देताना मला ती चौकट आठवते आणि जीव तिकडे ओढ घेतो. दिवाळीला गेले की त्या मला अजूनही दाराशी उभं करतात. माझ्या डोक्यापर्यंत आता त्यांचा हात पोचत नाही, म्हणून खडू मीच धरते आणि त्या खालून दटावतात, "टाचा टेक." मग त्या स्वतः आपल्या रेघेखाली उभ्या राहतात. परकराखाली त्यांच्या टाचा उचललेल्या दिसतात.